300 अश्वशक्ती, दीड मिलिमीटर

गाडी जागेवर उभी आहे आणि इंजिन मिनिटाला साडेतीन हजार फेरे घेतंय. एका बाजूला गरगर फिरणारं लोखंड, दुसऱ्या बाजूला जमिनीला घट्ट धरून बसलेली चाकं. या दोघांची गाठ घालायची कशी? एकदम जोडलं तर इंजिन बंद पडेल किंवा काहीतरी मोडेल. म्हणजे दोघांच्या मध्ये कुणीतरी घसरायला हवं. तेही मापात, आणि वेळ आली की घसरणं थांबवून घट्ट पकड घ्यायला हवी. हे काम क्लच करतो. तो ते करतो कशाच्या जोरावर, हे पाहायचं असेल तर तो बदलायला काढलेली एखादी दांडगी गाडी बघावी.

सुबारूची इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआय घेऊ. इम्प्रेझानं रॅलीचे तीन जगज्जेते घडवले: 1995 मध्ये कॉलिन मॅकरे, 2001 मध्ये रिचर्ड बर्न्स, 2003 मध्ये पेटर सोल्बर्ग. अमेरिकेत 2004 च्या मॉडेलपासून मिळू लागलेल्या एसटीआयमध्ये अडीच लिटरचं टर्बो इंजिन होतं. ताकद 300 अश्वशक्ती, आणि पिळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, सुमारे 407 न्यूटन-मीटर.

हा सगळा जोर एका गोल चकतीतून पुढे जातो. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचं अस्तर रिव्हेटांनी बसवलेलं असतं. एका बाजूला इंजिनचं फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला प्रेशर प्लेट, आणि या दोघांत चकती दाबून धरलेली. ना दाते, ना खिळे, ना साखळी. फक्त दाब आणि घर्षण! मग हा दाब असतो तरी किती? चकतीची सरासरी त्रिज्या दहा सेंटिमीटर आणि अस्तराचा घर्षणांक 0.3 धरा. दोन्ही बाजू मिळून 407 न्यूटन-मीटर पेलायचे तर दाब येतो जवळजवळ 6,800 न्यूटन, म्हणजे सुमारे 700 किलो वजनाएवढा. प्रत्यक्षात त्याहूनही जास्त ठेवावा लागतो, कारण काठावर चालून भागत नाही. आणि ही पकड तुम्ही डाव्या पायाच्या चवड्यानं सोडवता.

एवढा दाब देते ती एकच स्प्रिंग, डायफ्राम स्प्रिंग. पोलादाची किंचित शंकूच्या आकाराची चकती, मध्याकडे बोटांसारख्या चिरा पाडलेली. मला या सगळ्या यंत्रात सर्वांत थक्क करते ती हीच. साधी गुंडाळीची स्प्रिंग जितकी सैल होईल तितका तिचा जोर कमी होतो. क्लचचं अस्तर झिजलं की प्रेशर प्लेट पुढे सरकते, स्प्रिंग सैलावते. मग पकडही दिवसेंदिवस ढिली व्हायला हवी. पण शंकूच्या आकारामुळे डायफ्राम स्प्रिंगचा हिशेब सरळ रेषेत चालत नाही. अस्तर झिजू लागलं की तिचा दाब आधी थोडा वाढतो, आणि झीज बरीच पुढे गेल्यावरच उतरणीला लागतो. पेडल दाबताना गंमत उलट्या बाजूनं होते: एका टप्प्यानंतर जोर कमी लागतो. पाय हलका, पकड पक्की, आणि दोन्हींची सोय धातूला दिलेल्या एका आकारात!

मग एवढा भक्कम क्लच झिजतो कशानं? इथे चार चाकांचा प्रश्न येतो. दोन चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत जोर अति झाला की टायर जागच्या जागी फिरतात, धूर निघतो, आणि क्लच वाचतो. एसटीआयमध्ये चारही टायर रस्ता धरून ठेवतात. टायर घसरायला तयार नाहीत, इंजिन थांबायला तयार नाही. मग घसरायचं कुणी? उरला एकटा क्लच.

आकड्यांत बघा. गाडीचं वजन साधारण 1,500 किलो. इंजिनचे फेरे साडेतीन हजारांवर धरून तुम्ही पहिल्या गिअरमध्ये क्लच एकसारख्या जोरानं सोडलात, तर गाडी ताशी 30 किलोमीटरच्या आसपास पोचेपर्यंत चकती घसरत राहते. गाडीला जेवढी गतीची ऊर्जा मिळाली, तेवढीच या घसरण्यात उष्णता होऊन गेली. पन्नास हजार ज्यूलच्या थोडी वर. एक कप चहाचं पाणी उकळेल एवढी उष्णता, दीड-दोन सेकंदांत, दोन पातळ कड्यांवर! आणि झिजायला अस्तर उरलेलं असतं किती? रिव्हेटांच्या डोक्यांपर्यंत, दर बाजूला एक-दीड मिलिमीटर.

क्लच संपत आल्याची खूण चढत्या गिअरमध्ये दिसते. चौथ्या-पाचव्यात अॅक्सिलरेटर दाबला, टर्बो भरला, इंजिनचा आवाज चढला, आरपीएमचा काटा वर गेला, पण गाडीचा वेग तिथेच.

आता चकती बदलायची. चकती हातात मावेल एवढी, पण तिच्यापर्यंत पोचायला निम्मी गाडी सोडवावी लागते. सुबारूचं इंजिन आडवं पसरलेलं, सिलिंडर डावी-उजवीकडे. त्याच्या मागे गिअरबॉक्स, आणि पुढच्या चाकांचं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात. इंजिनची ताकद आधी मागे सेंटर डिफरन्शियलपर्यंत जाते, तिथे तिची वाटणी होते, आणि पुढच्या चाकांचा वाटा पुन्हा उलटा पुढे येतो. त्यामुळे गिअरबॉक्स उतरवायचा तर पुढचे दोन्ही अॅक्सल आणि मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट सोडवावे लागतात. इंजिनच्या डोक्यावरचा इंटरकूलर, स्टार्टर, सायलेन्सरचा पुढचा पाइप, खालचा आडवा आधार, सगळं बाजूला. काही मेकॅनिक गिअरबॉक्सला हातच लावत नाहीत, आखूड इंजिनच वर उचलून काढतात. नीट साधन असेल तर मला हा रस्ता जास्त शहाणपणाचा वाटतो. ऑइलनं माखलेला जड गिअरबॉक्स जॅकवर तोलत बसावं लागत नाही.

पण सगळे बोल्ट काढले तरी इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होत नाहीत! का? पेडल दाबलं की बहुतेक गाड्यांत रिलीज बेअरिंग स्प्रिंगच्या बोटांना ढकलतं. या टर्बो सुबारूमध्ये ते ओढतं. त्यानं स्प्रिंगची तरफ लांब होते, आणि तेवढ्याच पायाच्या जोरात जास्त दाब हाताळता येतो. मात्र ओढायचं तर बेअरिंग बोटांत अडकलेलं हवं, आणि तेच गिअरबॉक्सला धरून ठेवतं. सुटकेची वाट गिअरबॉक्सच्या आवरणाच्या बाजूला दडलेली आहे. तिथली एक बुची अॅलन चावीनं काढायची, आतल्या शाफ्टच्या तोंडात छोटा बोल्ट फिरवायचा आणि शाफ्ट बाहेर ओढायचा. बेअरिंग हलवणारा आतला फोर्क मोकळा होतो आणि जोडी सुटते.

जुनी चकती निघाली की फ्लायव्हीलवर निळसर डाग दिसतात, अति तापलेल्या जागांचे. तो पृष्ठभाग पुन्हा सपाट करून घ्यायलाच हवा, नाहीतर नवं अस्तर उंचवट्यांवरच टेकेल. बेअरिंगही याच वेळी बदलावीत. इथवर पुन्हा यायचं म्हणजे ही सगळी उठाठेव पुन्हा करायची.

नवी चकती बसवताना एक साधा दांडा लागतो, बहुधा प्लास्टिकचा. प्रेशर प्लेट आवळली की चकती जागची हलत नाही, आणि गिअरबॉक्सच्या दातेरी शाफ्टला नेमका तिच्या मध्यातून जायचं असतं. ती जराशी एका बाजूला राहिली तरी गिअरबॉक्स शेवटचं बोटभर अंतर आत जात नाही. हा दांडा चकतीला मध्यावर धरतो, प्लेट समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत बसवायची, मग दांडा काढून घ्यायचा. गिअरबॉक्स जागेवर आला की फोर्क ओढून बघायचा. 'खट्ट' आवाज आला म्हणजे बेअरिंग बोटांत अडकलं. तो आला नाही तर पेडल दाबून काही उपयोग नाही.

एवढं झालं तरी 300 अश्वशक्ती लगेच मोकळ्या सोडायच्या नसतात. नवं अस्तर आणि नुकतं सपाट केलेलं लोखंड एकमेकांना मोजक्याच ठिपक्यांवर भेटतात. पहिले काही शे किलोमीटर शहरातल्या थांबत-चालत रहदारीत जावे लागतात. प्रत्येक सिग्नलला थोडं घासून ते ठिपके पसरतात, हळूहळू सगळा पृष्ठभाग टेकतो, आणि मगच त्या 700 किलोंच्या दाबाला हिशेबातली पूर्ण पकड मिळते.