इंग्रज आपले पूर्वज कोठें शोधतो?



नाशिकला रामकुंडावर उतरलेल्या यात्रेकरूला क्षेत्रोपाध्याय गांव आणि आडनांव विचारतात, फडक्यांत बांधलेली वही काढतात, आणि घटकाभरांत त्याच्या पणजोबांची सही त्याच्यापुढें ठेवतात. ज्यानें हा अनुभव घेतला आहे त्याला वंशावळ म्हणजे कोणीतरी आपल्यासाठीं राखून ठेवलेली वस्तु वाटते. इंग्रज गृहस्थाचें तसें नाहीं. सरदार-उमरावांचीं घराणीं सोडलीं तर त्याच्या कुळाची वही सांभाळणारा उपाध्याय तिकडे कोणी नाहीं. एखाद्या लोहाराच्या किंवा शेतमजुराच्या वंशजाला आपला खापरपणजा शोधावयाचा असेल तर त्यानें गांवच्या चर्चच्या पेटींतून आणि धर्मकोर्टांच्या दप्तरांतून एकेक ओळ वेंचावी, आणि त्या ओळी एकमेकींना जुळतात कीं नाहीं हें स्वतःच ठरवावें. ती पेटी कशी भरली, आणि तींत हात घालणारा कोठें फसतो, तेवढें आज सांगावयाचें आहे.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या ताब्यांतील वस्ती. आपल्याकडील एक गांव आणि त्याच्या वाड्या मिळून होईल साधारण तेवढी. १५३८ च्या सप्टेंबरांत आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल यानें हुकूम काढला कीं, प्रत्येक पॅरिशमध्यें एक वही ठेवावी आणि मागील आठवड्यांतले बाप्तिस्मे, विवाह व दफनें पाद्र्यानें दर रविवारीं चर्चच्या कारभाऱ्यांच्या समक्ष तींत लिहावीं. वही दोन कुलपांच्या पेटींत राहावी. एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी कारभाऱ्यांकडे. हयगय झाल्यास तीन शिलिंग चार पेन्स दंड. लोकांना ह्या व्यवस्थेचा काडीमात्र आनंद झाला नाहीं. सरकार माणसें मोजूं लागलें म्हणजे कर आलाच, हें ओळखण्याइतकी अक्कल सर्व देशांच्या रयतेला असते. आणि बाप्तिस्म्यावर पट्टी बसणार अशी आवई उत्तरेकडील १५३६ च्या बंडांत उठून गेलीच होती. हुकुमानंतर दोन वर्षांच्या आंत क्रॉमवेलचा शिरच्छेद झाला; त्याची वही मात्र टिकली. करहि आला, पण दीडशें वर्षांनीं.

ह्या पहिल्या वह्या बहुधा कागदाच्या होत्या, आणि दमट दगडी चर्चांत कागदाचें काय होतें हें सांगावयास नको. म्हणून १५९८ मध्यें एलिझाबेथ राणीच्या संमतीनें ठरलें कीं, जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरून काढाव्या. पहिल्यापासून उतराव्या, विशेषतः राणीच्या राज्यारोहणापासून, अशी कांहींशी त्या आज्ञेची भाषा होती. ह्या 'विशेषतः' शब्दानें घात केला. ज्या पाद्र्यांना लिहिण्याचा कंटाळा होता त्यांनीं पहिलीं वीस वर्षें सोडून दिलीं, आणि म्हणून कित्येक गांवांच्या नोंदी १५३८ ऐवजीं १५५८ पासून सुरू होतात. त्याच आज्ञेनें दर वर्षाची नक्कल बिशपच्या कचेरीकडे धाडण्याचीहि सक्ती झाली. मूळ वही उंदरांनीं खाल्ली असली तर ती नक्कल तारते. दोन्ही शिल्लक असल्या तर त्या ताडून पाहाव्या, कारण नक्कल करणारा माणूसच असतो. पुढें १६०३ सालीं पेटीला तिसरें कुलूप आलें. कुलपें वाढलीं, पण उंदरांचा बंदोबस्त कोणाला सुचला नाहीं.

नोंद केवढी असते तें शेक्सपिअरच्या उदाहरणावरून दिसेल. स्ट्रॅटफर्डच्या वहींत २६ एप्रिल १५६४ ह्या तारखेस जॉन शेक्सपिअरचा पुत्र विल्यम, एवढा मजकूर लॅटिनमध्यें आहे. आईचें नांव नाहीं, जन्माची तारीख नाहीं. तेवीस एप्रिल हा जो जन्मदिवस जग पाळतें तो अदमास आहे. शिवाय आज दिसणारें पान हें १६०० च्या सुमारास केलेली चर्मपत्रावरील प्रत होय. त्याच वहींत १५८३ च्या मेमध्यें त्याची कन्या सुझॅना येते, १५८५ च्या फेब्रुवारींत हॅम्नेट आणि ज्यूडिथ हीं जुळीं येतात, आणि ११ ऑगस्ट १५९६ ला त्या हॅम्नेटचें दफन. अकरा वर्षांच्या मुलाच्या मरणाची सारी कथा एका ओळींत. आजार कोणता, बाप त्या दिवशीं लंडनला होता कीं घरीं, ह्याविषयीं अक्षर नाहीं.

विवाहाच्या नोंदींत तर एक गमतीचा घोटाळा आहे. वुस्टरच्या बिशपच्या दप्तरांत २७ नोव्हेंबर १५८२ ला शेक्सपिअरच्या विवाहाचा परवाना टेम्पल ग्राफ्टनच्या ॲन व्हेटली हिच्या नांवें आहे, आणि दुसऱ्या दिवशींच्या चाळीस पौंडांच्या जामिनखतांत स्ट्रॅटफर्डची ॲन हॅथवे आहे. तेवढ्यावरून कित्येकांनीं दोन नायिका उभ्या केल्या आणि कादंबऱ्या रचल्या. परंतु त्याच दिवशीं त्याच कचेरीपुढें व्हेटली नांवाच्या एका माणसाचें प्रकरण होतें. कारकुनाच्या डोक्यांत तें नांव घोळत होतें आणि लेखणींतून उतरलें, असें बहुतेक जाणते मानतात, आणि मलाहि तेंच पटतें. जुन्या कागदांत जें चमत्कारिक दिसतें त्याचें मूळ पुष्कळदां कारकुनाच्या डुलकींत असतें.

आतां कालगणनेचा फांस. इंग्लंडांत १७५२ पूर्वीं कायद्याचें वर्ष २५ मार्चला बदलत असे. एखाद्या जोडप्याचा विवाह एप्रिल १६३० मध्यें आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६३० मध्यें असा वाचून कोणी नाक मुरडूं नये. तो फेब्रुवारी त्या एप्रिलनंतर दहा महिन्यांनीं येतो; आपल्या हिशेबानें तो १६३१ चा. १७५१ हें वर्ष २५ मार्चला सुरू होऊन डिसेंबरांतच संपलें, आणि १७५२ सालीं २ सप्टेंबरचा दुसरा दिवस १४ सप्टेंबर झाला. हें ठाऊक नसल्यामुळें कित्येक निरपराध आजीबाईंवर त्यांच्याच वंशजांनीं कलंक लावला आहे.

दुसरा फांस नांवांचा. एक मूल वारलें कीं पुढील मुलाला तेंच नांव देण्याची रीत होती. टॉमसचा बाप्तिस्मा सांपडला म्हणून हर्षानें तोच आपला पूर्वज ठरवावा, आणि पुढील पानावर तोच टॉमस तीन आठवड्यांचा असतांना पुरलेला असावा, असें वारंवार घडतें. म्हणून अनुभवी माणूस बाप्तिस्मा सांपडतांच दफनाचीं पानें चाळतो. ज्याला आपण पूर्वज म्हणतों तो मोठा होऊन बाप होण्याइतका जगला होता, हें आधीं सिद्ध व्हावें लागतें.

यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे १६४२ पासून १६६० पर्यंत, वह्यांत मोठीं भगदाडें आहेत. पाद्री हांकलले गेले, कांहींनीं वह्या लपविल्या. १६५३ नंतर कांहीं वर्षें नोंदीचें काम लोकांनीं निवडलेल्या अधिकाऱ्याकडे आणि विवाह लावण्याचें काम न्यायाधिकाऱ्याकडे होतें. त्यानंतर कायद्यांनीं ह्या वहीला नाना कामांस जुंपलें. लोंकरीच्या धंद्याला आधार म्हणून १६६६ आणि १६७८ च्या कायद्यांनीं प्रेत लोंकरीच्याच कफनांत पुरण्याची सक्ती केली. तसें प्रतिज्ञापत्र न दिल्यास पांच पौंड दंड. निम्मा दंड चुगली करणाऱ्याला मिळे, म्हणून तलम कापडाची हौस असणारे श्रीमंत कित्येकदां आपल्याच घरच्या माणसाकडून चुगली करवीत! १६९४ च्या कायद्यानें जन्म, विवाह आणि मरण ह्या तिन्हींवर कर बसला, आणि १७८३ सालीं प्रत्येक नोंदीमागें तीन पेन्स. दुसरा कर सुरू होण्याच्या आधींच्या दिवसांत बाप्तिस्म्यांची एकच झुंबड उडाली. तो १७९४ पर्यंत राहिला आणि निर्धनांना माफ होता; म्हणून त्या वर्षांतल्या नांवापुढें निर्धनाची खूण दिसली तर ती अगदींच खरी धरूं नये. दयाळू पाद्री हात सैल सोडीत.

१७५४ पासून विवाहाच्या वेगळ्या वह्या झाल्या, आणि वधू, वर व दोन साक्षी यांच्या सह्या आवश्यक ठरल्या. शोध करणाऱ्याला ह्याहून आनंदाचें पान नाहीं. तेथें प्रथमच पूर्वजाच्या हाताचा स्पर्श होतो. सही नसली तरी कांपऱ्या रेघांची फुली असते. ह्या छापील वह्यांच्या आरंभीं नमुन्याचें पान असे. हॅम्पशायरांतील स्टीव्हन्टनच्या वहींत पाद्र्याच्या मुलीनें त्या नमुन्याच्या जागा भरून आपलें लग्न तीन काल्पनिक वरांशीं लावून टाकलें आहे. ती मुलगी जेन ऑस्टिन. हीच खोडी एखाद्या अप्रसिद्ध मुलीनें केली असती तर तिच्या घराण्याच्या शोधकांनीं त्या तीन जांवयांसाठीं अर्धें इंग्लंड पालथें घातलें असतें.

वही माणसाचें येणें-जाणें सांगते. त्याच्या घरांत काय होतें आणि मनांत काय होतें हें मृत्युपत्र सांगतें. १२ जानेवारी १८५८ पूर्वीं मृत्युपत्रें धर्मकोर्टांपुढें शाबीत होत. एकाच टापूंतली मिळकत असली तर लहान कोर्ट; पांच पौंडांवरील माल एकाहून अधिक बिशपांच्या हद्दींत असला तर कँटरबरी किंवा यॉर्क येथील आर्चबिशपचें कोर्ट. कँटरबरीच्या कोर्टाच्या प्रती १३८४ पासून आहेत आणि लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत; यॉर्कच्या तेथील बोर्थविक संस्थेंत. डेव्हन परगण्याचें दुर्दैव असें कीं, एक्झिटरला ठेवलेलीं त्याचीं जुनीं मृत्युपत्रें १९४२ च्या बाँबहल्ल्यांत जळालीं.

मृत्युपत्र वाचतांना आपली समजूत जरा बाजूस ठेवावी लागते. थोरल्या मुलाचा उल्लेखच नसला तर जमीन त्याला कायद्यानें मिळणार होती असें बहुधा समजावें. एकच शिलिंग ठेवला असला तर भांडण झालें असेंच नव्हे. त्याचा वांटा पुष्कळदां आधींच देऊन झालेला असे. १८८२ च्या कायद्यापर्यंत सवाष्ण स्त्रीला नवऱ्याच्या संमतीवांचून मृत्युपत्र करणें जवळजवळ अशक्य होतें. म्हणून विधवा आणि अविवाहित आत्याबाई ह्या शोधकाच्या खऱ्या कुलदेवता होत. त्या आपले चमचे, चादरी आणि झगे भाचे-पुतणे नांवानिशीं सांगून वांटतात, आणि एका कागदांत तीन पिढ्या बांधून देतात.

नात्यांच्या शब्दांविषयीं तर आपण मराठी माणसांनीं फारच सावध असावें, कारण आपल्याकडे नात वेगळी, भाची वेगळी, पुतणी वेगळी. शेक्सपिअरनें २५ मार्च १६१६ च्या मृत्युपत्रांत आपल्या मुलीच्या मुलीला जो शब्द लावला आहे त्याचा आजचा अर्थ भाची किंवा पुतणी होतो. पत्नीला दिलेल्या दुसऱ्या प्रतीच्या पलंगावर शाई पुष्कळ सांडली आहे. मला त्याहून लागते ती दुसरीच जागा. बहीण जोन हार्ट हिच्या तीन मुलांना त्यानें पांच-पांच पौंड ठेवले. विल्यम आणि मायकेल हीं नांवें आहेत; तिसऱ्याची जागा कोरी आहे. मामाला किंवा लिहिणाऱ्याला नांव आठवलें नाहीं. तो मुलगा टॉमस होता, हें कळतें तें चर्चच्या वहीवरून. शेक्सपिअरची नात १६७० मध्यें निपुत्रिक वारली आणि त्याचा स्वतःचा वंश संपला. पुढें वंश चालला तो बहिणीचा, आणि तोहि त्या कोऱ्या जागेंतल्या टॉमसकडून.

शोधाची दिशा नेहमीं आपल्याकडून मागें असावी. १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत. १८५१ च्या खानेसुमारींत प्रत्येकाचें जन्मगांव आहे. तेथून पॅरिश कळते, आणि मग पेटी उघडावी. उलट, एखादा नामांकित पुरुष निवडून त्याच्यापासून खालीं आपल्यापर्यंत शिडी लावणारे लोक हटकून फसतात. गुस्टाव्ह आंजू नांवाच्या गृहस्थानें अमेरिकेंतल्या धनिकांना अशाच शिड्या बनावट कागदांसह विकल्या, आणि त्यांतले खोटे पूर्वज आजहि छापील वंशवृक्षांत सुखानें नांदत आहेत.

ह्या वह्यांची एक शाखा आपल्या दारापर्यंत आली आहे. मुंबई इलाख्यांतील चर्चांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. १७०९ पासून १९४८ पर्यंतच्या त्या मालिका ब्रिटिश लायब्ररींत आहेत. कोटांतील सेंट टॉमस चर्च १७१८ च्या नाताळांत उघडलें. मुंबईंत वारलेल्या इंग्रजांचे वंशज आज त्यांत आपलीं माणसें शोधतात. आईच्या रकान्याकडे त्यांनीं लक्ष द्यावें. आई एतद्देशीय असली म्हणजे ती जागा पुष्कळदां रिकामी असते, आणि तेथें वंशवृक्षाची एक संबंध बाजू तुटते. हा प्रकार जुना आहे. लंडनच्या सेंट डायोनिस बॅकचर्चच्या वहींत २२ डिसेंबर १६१६ ला, म्हणजे शेक्सपिअरच्या मृत्यूच्याच वर्षीं, एका हिंदी तरुणाच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. तो बंगालच्या उपसागराकडून आलेला होता. पीटर हें नांव त्याला खुद्द जेम्स राजानें निवडून दिलें. पुढें तो पूर्वेकडे परतला आणि त्यानें लॅटिनमध्यें लिहिलेलीं पत्रेंहि उपलब्ध आहेत. त्याचें आधींचें नांव त्या वहींत लिहिलेलें नाहीं.