पुठ्ठ्याचा भाव काय?

अडीच बाय साडेतीन इंचांचा एक पुठ्ठा. पुढे खेळाडूचा फोटो, मागे चार आकडे. कुणी त्यासाठी शंभर कोटी मोजतं, तर कुणाची आई तो रद्दीत घालायला निघते. असं का? स्पोर्ट्स कार्डांच्या धंद्यात डोकावून (आणि स्वतःचे हात पोळून) शोधलेलं उत्तर...

गेल्या महिन्यात ऐन मीटिंगमध्ये आईचा फोन. आमची डोंबिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, त्यामुळे माळा रिकामा करण्याची मोहीम जोरात सुरू आहे.

‘‘अरे, तुझा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडलाय. आत कार्डं आहेत, कुस्तीवाल्यांची नि क्रिकेटवाल्यांची. रद्दीत घालू का?’’

‘‘थांब!’’ मी एवढ्या जोरात ओरडलो की अख्खी मीटिंग थांबली.

नव्वदच्या दशकात शाळेत गेलेल्यांना त्या डब्यात काय होतं हे सांगायला नकोच. ट्रम्प कार्ड्स! हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स, रँक. वजनात योकोझुना निघाला की समोरच्याने मुकाट्याने कार्ड द्यायचं. ऑफ पिरियडला शेवटच्या बाकावर डाव रंगायचा आणि बाई आल्या की गठ्ठा थेट दप्तरात.

पण मी ओरडलो ते आठवणींसाठी नाही. खरं सांगायचं तर पैशासाठी! ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत बेसबॉलच्या एका कार्डाचा लिलाव झाला. १९५२ सालचं, मिकी मँटल या खेळाडूचं कार्ड. किंमत आली १ कोटी २६ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे शंभर कोटी रुपये. ते वाचल्यापासून माझ्या डोक्यात तो डबा घर करून होता. आता फक्त एकच प्रश्न होता : पुठ्ठ्याला भाव येतो तरी कशाने?

किचन टेबलवरचं डिझाइन

सुरुवात सिगारेटपासून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिगारेटची पाकिटं मऊ असायची. आतला माल चेमटू नये म्हणून कंपन्या एक पुठ्ठा घालायच्या. कुणाच्या तरी लक्षात आलं की, या कोऱ्या पुठ्ठ्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक पुढचं पाकीटही आपलंच घेईल. मग नट्या आल्या, राजे आले, खेळाडू आले. इंग्लंडमधल्या अशा कार्डांवर आपले रणजितसिंहजीही झळकले.

पुढे सिगारेटची जागा च्युइंगगमने घेतली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या टॉप्स या गमच्या कंपनीत साय बर्जर नावाचा एक तरुण होता. १९५१ च्या शरद ऋतूत, वय वर्षं अठ्ठावीस, त्याने आपल्या घरच्या किचन टेबलवर वूडी गेलमन या सहकाऱ्याला सोबत घेऊन पुढच्या वर्षीच्या कार्डांचं डिझाइन केलं. ना फोकस ग्रुप, ना पॉवरपॉइंट. कात्री, पुठ्ठा आणि डोकं!

त्यांनी काय केलं? कार्ड मोठं केलं. पुढे खेळाडूचं रंगीत चित्र, नाव, त्याची छापील सही आणि टीमचा लोगो. मागे उंची, वजन, जन्मतारीख, चार ओळींची ओळख आणि महत्त्वाचं म्हणजे आकडे : गेल्या वर्षीचे आणि आख्ख्या करिअरचे. टीव्ही घरोघरी पोचायच्या आधीचा तो काळ. पोराच्या हातात पडलेला तो पुठ्ठा म्हणजे त्याचा क्रीडा चॅनेल होता. आज कुठलंही स्पोर्ट्स कार्ड घ्या, ढाचा तोच आहे. आणि ते १९५७ पासून अडीच बाय साडेतीन इंचांचं आहे, म्हणजे आपल्या पत्त्यांच्या कॅटएवढं. खिशातलं व्हिजिटिंग कार्ड काढून बघा. लांबी जवळपास तीच, रुंदी फक्त अर्धा इंच कमी. फरक एवढाच की आपल्या कार्डामागे कुणी आपली अॅव्हरेज छापत नाही. नशीब!

एका तावावर एकशे बत्तीस

कार्ड सुटं छापलं जात नाही. मोठ्या तावावर रांगांनी छापतात आणि मग कापतात. टॉप्सच्या एका तावावर पुढे अकरा गुणिले बारा, अशी १३२ कार्डं बसायची. सत्तरच्या दशकाच्या मध्यात वर्षाचा सेट ६६० कार्डांचा असायचा, ऐंशीच्या दशकात तो ७९२ वर गेला. हे आकडे खेळाडू मोजून आलेले नाहीत. १३२ ला पाचने आणि सहाने गुणा, हिशेब लागेल. तावाची एकही जागा फुकट घालवायची नाही, एवढाच मुद्दा.

फोटोंची तर वेगळीच धमाल. खेळाडू वर्षभरात टीम बदलणार, कार्ड आधीच छापलेलं असणार. म्हणून फोटोग्राफर प्रत्येकाचा एक फोटो टोपीशिवाय काढून ठेवायचे. म्हणजे जुन्या टीमचा लोगोच दिसायला नको! तेही जमलं नाही तर आर्टिस्ट ब्रशने टोपी रंगवायचा. फोटोशॉपच्या आधीचं फोटोशॉप. चुकाही भारी व्हायच्या. १९५७ मध्ये हँक आरोनच्या फोटोची निगेटिव्ह उलटी लागली आणि हा उजवा बॅटर कार्डावर डावखुरा झाला. १९६९ मध्ये ऑरेलिओ रॉड्रिगेझच्या कार्डावर तर चक्क टीमच्या बॅट उचलणाऱ्या पोराचा फोटो छापला गेला.

शेवटी मेणकागदाच्या पाकिटात कार्डं आणि गुलाबी गमची एक कडक पट्टी. या पट्टीचा डाग मागच्या कार्डावर पडायचा. संग्राहकांच्या तक्रारी वाढल्या आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टॉप्सने गमच काढून टाकलं. ज्याच्या जाहिरातीसाठी कार्ड आलं, त्यालाच कार्डाने घराबाहेर काढलं.

बुडवलेली खोकी

आता त्या शंभर कोटींकडे येऊ. १९५२ चा सेट ४०७ कार्डांचा होता आणि तो टप्प्याटप्प्याने बाजारात आला. मँटलचा नंबर ३११, म्हणजे शेवटच्या टप्प्यातलं पहिलं कार्ड. हा टप्पा दुकानात पोचेपर्यंत बेसबॉलचा सीझन सरत आला होता आणि पोरं फुटबॉलकडे वळली होती. माल पडून राहिला. बर्जरने जत्रांमध्ये कवडीमोलाने खपवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. शेवटी १९६० मध्ये उरलेली खोकी बार्जवर चढवून त्याने न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिकमध्ये बुडवली. ही गोष्ट त्याने स्वतःच नंतर हसत हसत सांगितली.

गंमत म्हणजे मँटलचं कार्ड त्या टप्प्यातलं सर्वांत दुर्मिळ नाही. तावावर त्याला दोन जागा होत्या, म्हणजे शेजारच्या बहुतेक खेळाडूंपेक्षा ते दुप्पट छापलं गेलं! भाव आला तो तीन गोष्टींमुळे. एक, विशीतला तो पोरगा पुढे महान खेळाडू झाला. दोन, माल समुद्रात गेला. आणि तीन, जी कार्डं विकली गेली ती पोरांनी खेळून झिजवली किंवा पोरं कॉलेजला गेल्यावर त्यांच्या आयांनी फेकून दिली. थोडक्यात, कुणीही जपून ठेवलं नाही म्हणून ते मौल्यवान ठरलं.

टंचाईची फॅक्टरी

हा धडा ऐंशीच्या दशकात सगळ्यांनी एकदमच गिरवला. १९८० च्या कोर्टाच्या निकालानंतर टॉप्सची मक्तेदारी सैल झाली. १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस मैदानात उतरल्या. कार्डासोबत गम द्यायचा हक्क टॉप्सकडेच राहिला, म्हणून एकीने स्टिकर दिले, दुसरीने जिगसॉ पझलचे तुकडे. १९८९ मध्ये अप्पर डेक आली : जाड पांढरा चकचकीत पुठ्ठा, नक्कल होऊ नये म्हणून होलोग्राम, फोडल्याशिवाय आत हात घालता येणार नाही असं फॉइलचं पाकीट आणि किंमत जवळपास एक डॉलर. पहिल्या नंबरचं कार्ड कुणाला? एकोणीस वर्षांच्या केन ग्रिफी ज्युनिअरला. मोठ्या लीगमध्ये तो एकही मॅच खेळला नव्हता. त्याच्या डोक्यावरची टोपीही धाकट्या टीमची, रंगवून सिअॅटल मरिनर्सची केलेली. जुगार लागला आणि ग्रिफी स्टार झाला.

मग काय, लोक गुंतवणूक म्हणून खोकीच्या खोकी घेऊन ठेवू लागले. कंपन्याही दाबून छापू लागल्या. फक्त एक गोष्ट कुणी केली नाही : कुणीही काही फेकलं नाही. प्रत्येकाच्या कपाटात तोच खजिना असेल तर तो खजिना कसला? या काळाला संग्राहक ‘जंक वॅक्स’ म्हणतात. १९९४ मध्ये बेसबॉलपटूंचा संप झाला, वर्ल्ड सीरिज रद्द झाली आणि घसरत्या बाजाराला आणखी धक्का बसला.

आता समुद्र कामाला येणार नव्हता. टंचाई कारखान्यातच तयार करायला हवी होती. म्हणून १९९० मध्ये अप्पर डेकने रेगी जॅक्सनने खरोखर सही केलेली, नंबर टाकलेली २५०० कार्डं पाकिटांत पेरली. १९९३ मध्ये टॉप्सने प्रकाशात इंद्रधनुष्य फेकणारी ‘रिफ्रॅक्टर’ कार्डं आणली. १९९७ मध्ये अप्पर डेकच्या बेसबॉल कार्डांत खेळाडूच्या जर्सीचे तुकडे आले. पुढे जगात एकच प्रत असलेली ‘वन ऑफ वन’ कार्डंही आली. २०१६ मध्ये टॉप्सने कालच्या मॅचचं कार्ड चोवीस तासच विकायला ठेवून, जेवढ्या ऑर्डरी तेवढीच छापून आकडा जाहीर करायला सुरुवात केली. टॉप्स २०२२ मध्ये फॅनॅटिक्सने विकत घेतली, पण फॉर्म्युला तोच. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : अमुक कार्ड इतक्या पाकिटांत एक. ओळखीचं वाटतं? लॉटरीच ही, फक्त तिकिटावर हिरोचा फोटो आहे.

माझा बोनस

हे मला २०२१ मध्येही कळायला हवं होतं. लॉकडाऊन, वर्क फ्रॉम होम आणि रात्री दीड वाजता लोक पाकिटं फोडतानाचे व्हिडिओ. तेव्हा अमेरिकेत वेडच लागलं होतं. त्या मार्चमध्ये कार्डांना एक ते दहा मार्क देणाऱ्या पीएसए या संस्थेला ढीग उपसेना म्हणून बहुतेक नवी कामं घेणं थांबवावं लागलं. मे महिन्यात दुकानाबाहेर मारामारी झाली आणि टार्गेट या साखळीने आपल्या दुकानांतून कार्डांची विक्रीच बंद केली. मला वाटलं, हीच वेळ आहे, बॉस! वार्षिक बोनसमधले अठरा हजार रुपये घालून एक सीलबंद बॉक्स मागवला. वर कस्टम्स ड्यूटी वेगळी.

चाळीस मिनिटांत सगळी पाकिटं फोडून झाली. प्रत्येक पाकीट फोडताना छातीत जे धडधडायचं ना, त्याला छंद म्हणत नाहीत. शेवटी हाती आलं एक ‘जर्सी’ कार्ड, नाव न ऐकलेल्या खेळाडूचं. मागे बारीक टाइप : हे कापड कुठल्याही विशिष्ट मॅचशी किंवा सीझनशी संबंधित नाही. म्हणजे मी नेमकं काय विकत घेतलं? कंपनीचं नाव जाऊ दे, अशी ओळ आज अनेक कार्डांवर असते. सगळा गठ्ठा विकायला काढला तर टपालखर्चही सुटेना. त्या रात्री दुसरा बॉक्स कार्टमध्ये टाकला होता, हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही. (आता कळेलच!)

डबा उघडला

रविवारी डोंबिवली गाठली. डबा उघडला. कोपरे गोल झालेले, मधोमध घड्या, एका कार्डावर वरणाचा डाग आणि जवळपास प्रत्येकामागे बॉलपेनने लिहिलेलं माझं नाव आणि तुकडी. कार्डाचे मार्क चार गोष्टींवर ठरतात : कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि फोटो मधोमध छापलाय का. माझा रिझल्ट शाळेत कधी लागला नाही इतका खराब लागला. बाजारभाव? शून्य.

‘‘मग? घालू रद्दीत?’’ आई.

‘‘आई, तू वीस वर्षांपूर्वीच टाकली असतीस तर निदान कुणाच्या तरी कार्डांचा भाव वाढला असता.’’

तिला काही कळलं नाही. भाच्याला मात्र कळलं. दुपारभर आम्ही त्या गोल कोपऱ्यांच्या कार्डांनी खेळलो आणि त्याने मला तीनदा हरवलं. अठरा हजारांची कार्डं अजून प्लॅस्टिकच्या कव्हरात, कपाटात पडून आहेत. त्यांना कुणी हात लावलेला नाही. डबा भाच्याने नेला.

चौकट : पाकीट फोडण्याआधी...

- पाकिटावरचं प्रमाण वाचा. ‘इतक्यात एक’ म्हणजे बाकी सगळ्यांत नाही.
- सही किंवा जर्सीच्या कार्डामागची बारीक ओळ आधी वाचा, मग खुश व्हा.
- एखादा खेळाडू आवडत असेल तर त्याचं सुटं कार्ड घ्या. बॉक्सपेक्षा स्वस्त पडण्याचीच शक्यता जास्त.
- महिन्याचं बजेट ठरवा. हरलेले पैसे पुढच्या पाकिटातून वसूल करायचा विचार आला की लॅपटॉप बंद!
- आणि हो, कार्डामागे नाव लिहू नका. खेळायचं असेल तर मात्र बिनधास्त लिहा.