अठरा वर्षं, एक महिना आणि दोनशे अश्वशक्ती

आरटीओच्या मैदानावर दुचाकीची परीक्षा दोन-तीन मिनिटांत उरकते. आठच्या आकड्यातून पाय न टेकवता गाडी फिरवायची, वळताना हात दाखवायचा आणि इन्स्पेक्टरसमोर येऊन थांबायचं. मुलगा बहुतेक वेळा काकांची नाहीतर मित्राची शंभर सीसीची गाडी घेऊन आलेला असतो. गाडी चालत्या माणसाहून थोडी जोरात पळते, इतकंच. पास झाला की त्याच्या लायसनवर गिअरची मोटरसायकल चालवायचा परवाना चढतो. त्या परवान्याला सीसीची मर्यादा नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात मोटरसायकलींचे प्रकार दोनच, विनागिअरच्या आणि गिअरच्या. अठराव्या वाढदिवशी लर्निंग लायसन काढलं, की तीस दिवसांनी पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. म्हणजे अठरा वर्षं आणि एक महिना वयाचा, आठ अश्वशक्तीच्या गाडीवर पास झालेला मुलगा दुसऱ्या दिवशी १३४० सीसीच्या सुझुकी हायाबुसावर किंवा दोनशे अश्वशक्तीच्या कावासाकी निंजा झेडएक्स-१०आर वर बसू शकतो. त्यात बेकायदा काही नाही. शोरूममध्ये आधार, पॅन आणि बँकेचा तपशील मागतात. याआधी कोणती गाडी चालवलीस, असं विचारायचं बंधन कुणावरच नाही.

कायदा झाला त्या काळात हे चालून गेलं, कारण रस्त्यावर तशा गाड्याच नव्हत्या. १९८५ मध्ये आलेली यामाहा आरएक्स १०० तेव्हाच्या कॉलेजकुमारांची लाडकी, आणि तिची ताकद होती अकरा अश्वशक्ती. तिच्या पिकअपच्या आठवणी आज साठीला टेकलेली माणसंही डोळे मिटून सांगतात. जवळपास त्याच सुमारास आलेली हीरो होंडा सीडी १०० तर त्याहून गरीब. या गाड्यांवर ताशी ऐंशीच्या आसपास हँडल थरथरायला लागायचं, इंजिन ओरडायचं. आता पुरे, असं गाडीच सांगायची.

पुढे चित्र पालटलं, आणि त्यात पुणे जिल्ह्याचाही वाटा आहे. चाकणच्या बजाजच्या कारखान्यात बनलेली केटीएम ड्यूक २०० ही २०१२ मध्ये बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी ड्यूक ३९० आली. तेव्हाची तिची शोरूमची किंमत दोन लाखांच्या आत आणि ताकद ४३ अश्वशक्ती, म्हणजे स्प्लेंडरच्या पाचपटीहून जास्त. वजन मात्र दीडपटही नाही. इंजिनियरिंग म्हणून ही गाडी अप्रतिमच, आणि ती आपल्याकडे बनते याचा अभिमानही वाटायला हवा. पण अशी गाडी शंभरावर गेली तरी थरथरत नाही की ओरडत नाही. अजून बरंच काही शिल्लक आहे, असंच ती चालवणाऱ्याला सांगत राहते. हजार सीसीची सुपरबाइक तर पहिल्या गिअरमध्येच ताशी शंभर ओलांडते, आणि शून्यापासून तिथवर पोचायला तिला तीन सेकंदांच्या आसपास वेळ लागतो.

‘गाडीवर हात बसणं’ म्हणजे काय, याचं उत्तर लॉस एंजेलिसमध्ये झालेल्या एका अभ्यासात सापडतं. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातले हॅरी हर्ट आणि त्यांचे सहकारी अपघाताची खबर मिळताच जागेवर जाऊन तपासणी करत. सुमारे नऊशे अपघात त्यांनी असे स्वतः पाहिले, शिवाय पोलिसांच्या ३,६०० अहवालांचा अभ्यास केला. १९८१ मध्ये त्यांचा अहवाल आला. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के जण स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकले होते. निम्म्याहून जास्त जणांना त्या विशिष्ट गाडीवर बसून पाच महिनेही झाले नव्हते. यातली लक्षात घ्यायची गोष्ट अशी की त्यांचा मोटरसायकल चालवण्याचा एकूण अनुभव सरासरी तीन वर्षांच्या आसपास होता. म्हणजे गाडी येत होती, पण ‘ही’ गाडी येत नव्हती. ‘माझा मुलगा नववीपासून गाडी चालवतोय, त्याला काय होतंय!’ असं म्हणणाऱ्या वडिलांनी हा आकडा दोनदा वाचावा.

त्या अहवालातली आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. संकट दिसल्यापासून धडक होईपर्यंत चालवणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा दोन सेकंदसुद्धा नव्हते. तेवढ्यात बहुतेकांनी मागचा ब्रेक दाबून चाक लॉक केलं, आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही.

आपल्याकडे तर पुढच्या ब्रेकची भीती लहानपणी सायकलपासूनच मनात बसवलेली असते. ‘पुढचा दाबू नको, पलटी खाशील.’ प्रत्यक्षात मोटरसायकल थांबवण्याचं बहुतेक काम पुढचंच चाक करतं. ब्रेक लागताच गाडीचं आणि माणसाचं वजन पुढे सरकतं, पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि त्याची पकड वाढते. मागचं चाक त्याच वेळी हलकं होतं, म्हणून ते पटकन लॉक होतं आणि गाडी शेपटीसारखी झुलायला लागते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे चाक लॉक होण्याचा धोका कमी झाला. पण ज्याच्या हाताला पुढचा ब्रेक आवळायची सवयच नाही, त्याच्यासाठी एबीएस ब्रेक दाबून देत नाही.

ताशी साठ किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास सतरा मीटर कापते. समोरून म्हैस आडवी आली, ती दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात पंचवीस मीटर गेले. नंतर सरावलेल्या हाताने चांगले ब्रेक मारले, तर कोरड्या रस्त्यावर आणखी वीस मीटर. एकूण पंचेचाळीस. वेग एकशेवीस असेल तर नुसतं भानावर येईपर्यंत पन्नास मीटर जातात आणि ब्रेकला सुमारे ऐंशी मीटर लागतात. वेग दुप्पट झाला, पण थांबायला अंतर लागलं जवळपास तिप्पट. हा हिशेब सरावलेल्या हाताचा आहे. नवखा माणूस आणि ओला रस्ता धरला, तर तो आणखी वाढतो.

ताम्हिणीसारख्या घाटात रविवारी सकाळी होणारे अपघात बरेचदा समोरून कुणीही न येता होतात. ओळीत पाच-सहा गाड्या असतात, पुढचा जुना खेळाडू असतो आणि शेवटच्याला मागे पडायचं नसतं. वळण अंदाजापेक्षा जास्त आवळत जातं. नवखा घाबरतो, रेस एकदम सोडतो, ब्रेक दाबतो. वळणात झुकलेली गाडी त्यामुळे सरळ उभी राहू पाहते आणि बाहेरच्या बाजूला ओढली जाते. त्याची नजर तोवर कठड्यावर खिळलेली असते, आणि जिकडे नजर तिकडे गाडी, हा दुचाकीचा पक्का नियम. पुष्कळदा ते वळण त्या वेगालाही निघालं असतं. वळणाच्या शेवटाकडे बघत गाडी आणखी थोडी झुकवायची होती. पण घाबरलेल्या अंगाला हे आपोआप सुचत नाही, ते शिकवून अंगात मुरवावं लागतं. त्यात पहिल्या पावसानंतर रस्त्यावर वर आलेलं ऑइल, वळणावर सांडलेली खडी, पुलाचे लोखंडी सांधे आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे.

सप्टेंबर २०११ मध्ये हैदराबादच्या बाह्यवळण रस्त्यावर माजी क्रिकेट कप्तान मोहम्मद अझरुद्दीन यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा अपघात झाला. गाडी हजार सीसीची सुझुकी जीएसएक्स-आर होती आणि ती ईदची भेट म्हणून मिळाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. त्या रस्त्यावर दुचाकींना मुळात बंदी होती. मागे बसलेला नात्यातला भाऊ त्याच दिवशी गेला आणि चालवणारा मुलगा काही दिवसांनी रुग्णालयात. मे २०२३ मध्ये डेहराडूनचा एक तरुण यूट्यूबर, ज्याचे चाहते लाखोंच्या घरात होते, यमुना एक्सप्रेसवेवर ताशी तीनशेचा आकडा गाठायच्या प्रयत्नात झेडएक्स-१०आर सह दुभाजकावर आदळला. हेल्मेटचे तुकडे झाले. हा मुलगा गाड्यांच्या बाबतीत अजाण नव्हता, रोज त्यांच्यातच असायचा. पण त्या वेगाला अनुभवी म्हणावं असं सार्वजनिक रस्त्यावर कुणीच नसतं. सेकंदाला ८३ मीटर जाणाऱ्या माणसाला समोरचं दिसून उपयोगच होत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तामिळनाडूतला एक लोकप्रिय यूट्यूबर महामार्गावर व्हीली मारताना उडाला. तो वाचला, पण अटक झाली आणि लायसन दहा वर्षांसाठी गेलं. हे व्हिडिओ बघणाऱ्यांत पुष्कळ मुलं शाळेतली आहेत, हे विसरून चालणार नाही.

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतले ७४,८९७ दुचाकीवरचे होते, म्हणजे शंभरात चव्वेचाळीस. एकूण मृत्यूंपैकी ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यावर टाकलेले आहेत. हा शेवटचा आकडा थोडा जपूनच घ्यावा, कारण पंचनाम्यात ‘भरधाव वेगाने’ हे शब्द सवयीनेही लिहिले जातात, आणि खड्डा किंवा चुकीचा दुभाजक त्यात झाकला जातो. हे सगळे मृत्यू मोठ्या गाड्यांवरचे नाहीत, हेही खरं. बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीवरून रोजगाराला जाणारी माणसं आहेत. पण गाडीची जात बदलली की धोका किती वाढतो, हे अमेरिकेत विम्याच्या क्षेत्रातल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २००७ मध्ये मोजलं. नोंदणी झालेल्या गाड्यांच्या प्रमाणात सुपरस्पोर्ट प्रकारच्या गाड्यांवर मरणाऱ्यांचा दर इतर मोटरसायकलींच्या जवळपास चौपट निघाला. त्यात मेलेल्यांचं सरासरी वय होतं सत्तावीस.

बाकीच्या देशांनी यावर पायऱ्यांचा उपाय केला. ब्रिटनने १९६० च्या दशकातच शिकाऊंना २५० सीसीची मर्यादा घातली आणि १९८० च्या दशकात ती १२५ वर आणली. युरोपीय संघात जानेवारी २०१३ पासून आधी १२५ सीसीपर्यंत, मग ३५ किलोवॉटपर्यंत म्हणजे सुमारे ४७ अश्वशक्ती, आणि त्या पायरीवर दोन वर्षं काढून परीक्षा दिल्यावर वरच्या गाड्या. थेट मोठ्या गाडीवर जायचं तर साधारण चोविसाव्या वर्षापर्यंत थांबावं लागतं. सिंगापूरमध्ये आधी २०० सीसी, वर्षभराने ४००, मग आणखी वर्षाने त्यापुढचं. जपानमध्ये ४०० सीसीच्या वर वेगळं लायसन, आणि १९७५ ते १९९६ या काळात त्याची परीक्षा इतकी कडक होती की बहुतेक जण अनेक वेळा नापास होत. मोटरसायकल बनवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्या ज्या देशात आहेत, त्या देशाने आपल्याच मुलांना त्या गाड्या इतक्या सावकाश हाती दिल्या.

आपल्याकडे ही पायरी कायद्यात आणायची तर लायसनचे प्रकार सांगणाऱ्या कलम १० मध्ये केंद्राने बदल करायला हवा. फार मोठं काम नाही. दंडाच्या बाजूने आपण बरंच पुढे गेलो आहोत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. मुंबईत सागरी सेतू, पूर्व मुक्त मार्ग, किनारी रस्ता, अटल सेतू, सगळीकडे दुचाकींना बंदी आहे, तशीच पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर. पण चालवणाऱ्याच्या वयाबाबतचा सगळा कडकपणा सतराव्या वर्षासाठी ठेवला आहे. अठरा वर्षं आणि एक महिन्याच्या मुलासाठी त्यातलं काहीच नाही.

ज्याला वेगाची खरी ओढ आहे, त्याला चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आणि कोईम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आहे. तिथे वळणाबाहेर मोकळी जागा असते, डॉक्टर आणि अँब्युलन्स हजर असते, समोरून ट्रक येत नाही. तिथेही धोका संपत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर तेरा वर्षांचा एक गुणी रेसर पडून गेला, आणि हे सांगितल्याशिवाय ट्रॅकची शिफारस करणं बरोबर होणार नाही.

तोवर कायद्याची वाट न बघता घरातही पायरी घालता येते. पहिली दोन वर्षं दीडशे सीसीच्या आतली गाडी, आणि वाचलेल्या पैशांतून आयएसआय शिक्क्याचं, गालांना घट्ट बसणारं पूर्ण हेल्मेट, हातमोजे आणि जाकीट. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असं अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष सांगतो. मग रविवारी सकाळी एखादं रिकामं, डांबरी मैदान. ताशी तीसपासून सुरुवात करायची. पुढचा ब्रेक आधी हलका ओढायचा, पुढचे शॉकॲब्सॉर्बर खाली बसल्याचं हाताला कळलं की मग आवळायचा, मागचा नुसता सोबतीला. गाडी थांबली की ब्रेक लावला तिथपर्यंत मागे चालत जाऊन पावलं मोजायची. मग चाळीस, मग पन्नास. अंतर प्रत्येक वेळी किती वाढतं, ते मुलाने स्वतःच्या पायांनी चालून बघायचं. कोरड्यात हात बसला, की हेच सगळं पाऊस पडून गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून.