ट्रॅक्टरच्या डिफरन्शियलमधील तेल : केव्हा व कसे बदलावे

इंजिनातील तेल वेळेवर बदलण्याची सवय आता बहुतेक ट्रॅक्टरधारकांच्या अंगवळणी पडली आहे. ते तेल काळे पडते, कमी होते, प्रसंगी धूर येऊ लागतो. त्यामुळे ते आपली आठवण आपणच करून देते. ट्रॅक्टरच्या मागील दोन मोठ्या चाकांमध्ये जी डिफरन्शियलची पेटी असते, तिच्यातील तेलाची गोष्ट वेगळी आहे. ते जळत नाही, धूर काढीत नाही आणि फारसे कमीही होत नाही. म्हणून ते विसरले जाते. मागून घरघर ऐकू येऊ लागते तोवर दंतचक्रांचे दात पुष्कळसे झिजून गेलेले असतात. मग मागचा भाग उघडून क्राउन व पिनियन ही जोडी बदलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. हा खर्च तेलाच्या खर्चाच्या कितीतरी पट येतो, आणि हे काम नेमके ऐन पेरणीत किंवा ऊसवाहतुकीच्या दिवसांत निघते, कारण ट्रॅक्टरवर खरा भार पडतो तो त्याच दिवसांत.

या पेटीत काय चालते हे एकदा समजले की तेलाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. बैलगाडीची दोन्ही चाके कण्यावर सुटी फिरतात. गाडी वळली म्हणजे बाहेरचे चाक अधिक अंतर चालते, आतले कमी. त्यात काही अडचण येत नाही. ट्रॅक्टरची मागील चाके अशी सुटी ठेवता येत नाहीत, कारण इंजिनाची शक्ती त्यांनाच पोचवावयाची असते. ती एकाच दांड्यास घट्ट जोडली, तर वळणावर एक चाक फरफटत जाईल. डिफरन्शियल ही अडचण दूर करते. इंजिनाकडून आलेल्या दांड्याच्या टोकाशी असलेले लहान दंतचक्र, म्हणजे पिनियन, हे क्राउन नावाच्या मोठ्या कड्यासारख्या चक्रास फिरविते. क्राउनबरोबर फिरणाऱ्या घरात आणखी काही लहान दंतचक्रे असतात. ट्रॅक्टर सरळ चालला असता ही चक्रे स्वतःभोवती फिरत नाहीत. वळताना फिरतात, आणि आतल्या चाकाची गती जेवढी कमी होते तेवढीच बाहेरच्या चाकाची वाढते. चिखलात एक चाक नुसते गरगर फिरून दुसरे जागीच थांबते, तेही याच रचनेमुळे. त्यासाठी डिफरन्शियल लॉकचे पेडल दिलेले असते. ते दाबून वळण घेऊ नये. दात तुटण्याचे ते एक हमखास कारण आहे.

पिनियन व क्राउन यांचे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, तर मोठ्या दाबाखाली घासत सरकतात. त्या दोहोंत तेलाचा पातळसा पापुद्रा असतो, तोच दातांना वाचवितो. म्हणूनच या तेलात गंधक व स्फुरद यांची द्रव्ये मिसळलेली असतात. गिअर ऑइलला जो उग्र वास येतो तो यांचाच. कालांतराने ही द्रव्ये खर्ची पडतात व धातूची बारीक भुकटी तेलात साचते.

पाणी हा खरा शत्रू

भाताच्या मुलखात, म्हणजे कोकण, मावळ, इगतपुरीचा भाग व पूर्व विदर्भातील जिल्हे येथे, चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरची मागील पेटी तासन्‌तास पाण्याच्या पातळीजवळ असते. काम करताना ती तापते आणि आतील हवा प्रसरण पावून ब्रीदरवाटे बाहेर पडते. तशीच तापलेली पेटी पाण्यात उभी राहिली की आतील हवा आकसते व बाहेरचे पाणी आत ओढले जाते. ब्रीदर म्हणजे हवेच्या ये-जा करण्याची लहानशी वाट. ही वाट चिखलाने बुजली असेल, तर हवेचा सगळा जोर ऑइल सीलवर येतो आणि पाणी तेथून शिरते. दुपारच्या सुटीत ट्रॅक्टर चिखलातच उभा करून जेवावयास जाण्याची प्रथा पुष्कळ गावांत आहे. ती मोडावी, ट्रॅक्टर बांधाबाहेर, कोरड्या जागी काढून ठेवावा.

पाणी शिरले की तेल दुधाळ, चहाच्या रंगाचे होते. असे तेल दातांना धरून राहत नाही आणि बेअरिंगांना गंज चढतो. काम संपल्या संपल्या तेल पाहिल्यास केवळ हवेच्या बुडबुड्यांमुळेही ते धूसर दिसू शकते. म्हणून रात्रभर ट्रॅक्टर उभा ठेवून सकाळी पाहावे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसते. खालचा निचऱ्याचा प्लग अगदी किंचित सैल केल्यास तेलाआधी पाणीच ठिबकते. तेल दुधाळ असूनही पाणी वेगळे झाले नसेल, तर त्याचे दोन थेंब तापलेल्या लोखंडी पत्र्यावर टाकावे. तडतड झाली की पाणी आहे असे समजावे. हे करताना जवळ ज्योत नसावी व तोंड दूर ठेवावे. पाणी आढळले तर कामाचे तास किती झाले याचा हिशेब पाहू नये, तेल लगेच बदलावे. एरवी ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले तास प्रमाण मानावे. अनेक ट्रॅक्टरांत ते १००० तासांच्या आसपास असतात. चिखलणी करणाऱ्याने मात्र तासांची वाट न पाहता हंगाम संपताच तपासणी करावी.

कोणते तेल?

येथे होणारी चूक उशिरापेक्षाही महाग पडते. आजच्या बहुतेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल व हायड्रॉलिक या तिहींचे तेल एकाच पेटीत असते, आणि ब्रेकही तेलात बुडालेले असतात. अशा ट्रॅक्टरास यूटीटीओ या नावाने मिळणारे ट्रॅक्टर ट्रान्समिशन तेल लागते. दुकानदाराने "गिअर ऑइल सगळे सारखेच" असे सांगून नुसते ९० नंबरचे जाड तेल दिले, तर ब्रेक कचकचतात किंवा घसरतात आणि हायड्रॉलिक पंपास ते तेल ओढणे जड जाते. उलटपक्षी, कोरडे ब्रेक व निराळी हायड्रॉलिक टाकी असलेल्या काही जुन्या ट्रॅक्टरांस ९० नंबरचेच गिअर ऑइल सांगितलेले असते. सबब पुस्तिकेतील तेलाचे नाव कागदावर उतरवून तो कागद दुकानात न्यावा. दोन जातींची तेले एकमेकांत मिसळू नयेत. प्रमाणही पुस्तिकेतच पाहावे; मॉडेलपरत्वे ते सुमारे २५ ते ६० लिटर असते आणि तेवढे तेल घरात आल्याखेरीज जुने तेल काढावयास घेऊ नये.

काम करण्याची रीत

ट्रॅक्टर अर्धा तास चालवून तेल कोमट करावे, म्हणजे ते सहज वाहते व गाळही बरोबर निघतो. फार तापलेल्या तेलाने हात भाजतात. सपाट जागी ट्रॅक्टर उभा करून हायड्रॉलिकचे हात खाली सोडावे, इंजिन बंद करून किल्ली काढावी, ब्रेक लावावा आणि चाकांना पुढून-मागून दगड लावावे. या कामासाठी ट्रॅक्टर जॅकवर उचलण्याची गरज नसते, व उचललेल्या ट्रॅक्टराखाली कोणीही शिरू नये.

प्लगांभोवतीची माती डिझेल व ब्रशने स्वच्छ करावी. यानंतरचा क्रम कटाक्षाने पाळावा : तेल भरण्याचा वरचा प्लग आधी उघडावा, निचऱ्याचा मागाहून. वरचा प्लग गंजून अडकला असेल आणि खालून तेल आधीच निघून गेले असेल, तर रिकाम्या पेटीचा ट्रॅक्टर दारात अडकून पडतो आणि तो चालवून दुरुस्तीस नेताही येत नाही. निचऱ्याचे प्लग एकाहून अधिक असू शकतात. काही ट्रॅक्टरांत चाकांकडील बाजूच्या पेट्यांना निराळे प्लग असतात व नेमके तेच राहून जातात. घमेल्यात एवढे तेल मावत नाही. रिकामे डबे आधीच हाताशी ठेवावे.

प्लगवर लोहचुंबक असल्यास त्यावरील गाळ बोटांवर घेऊन चोळून पाहावा. काजळासारखा मऊ करडा लेप ही नेहमीची झीज होय. टोचणारे कण किंवा धातूचे तुकडे आढळले, तर नवे तेल ओतून ते झाकून टाकू नये. जाणत्या मेकॅनिकास दाखवावे.

हायड्रॉलिकची जाळी वा फिल्टर असेल तर पुस्तिकेप्रमाणे जाळी धुवावी व फिल्टर बदलावा. ब्रीदर साफ करावा. प्लगखालचे वॉशर नवे घालावे. प्लग जोर लावून आवळल्यास आटे जातात. नवे तेल स्वच्छ, कोरड्या नरसाळ्याने सावकाश ओतावे. ते बाजूच्या पेट्यांत पसरावयास वेळ लागतो, म्हणून काही वेळाने डिपस्टिक पाहावी. मग इंजिन सुरू करून हायड्रॉलिकचे हात दोन-तीनदा वर-खाली करावे आणि इंजिन बंद करून पातळी पुन्हा पाहावी. खुणेच्या वर तेल भरणे शहाणपणाचे नाही. जास्त तेल फेसाळते व सीलमधून बाहेर येते. हमीच्या मुदतीतील ट्रॅक्टराचे हे काम मात्र अधिकृत कार्यशाळेतच करून घ्यावे.

घरी मागील चाकांवर चालणारी जीप किंवा पिकअप गाडी असल्यास रीत साधारण हीच आहे. तेल मात्र निराळे, तेही पुस्तिकेत पाहून घ्यावे, आणि ते थोड्याच लिटरांचे असते. तेथे बहुधा डिपस्टिक नसते. भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठाशी तेल आले म्हणजे पुरे.

काढलेले तेल ओढ्यात, उकिरड्यावर किंवा विहिरीजवळ ओतू नये, आणि जनावरांच्या जखमांवर लावू नये. २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते झाकणाच्या डब्यात भरून, पाणी किंवा अन्य काही न मिसळता, जुने तेल घेणाऱ्या अधिकृत गोळा करणाऱ्याकडे द्यावे. गावात चार-पाच ट्रॅक्टर असतील, तर गावपातळीवरील कार्यकर्त्याने सर्वांचे तेल एकत्र साठवून एकाच वेळी पाठविण्याची व्यवस्था करावी. तेल बदलल्याची तारीख, मीटरवरील तास व तेलाचे नाव खडूने न लिहिता रंगाने हत्यारपेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस लिहून ठेवावे, म्हणजे चालक बदलला तरी ती नोंद राहते.