ब्रेक दाबला की डॅशबोर्ड पेटतो

जुन्या ट्रकचा ब्रेक दाबला, मागचा लाल दिवा पेटलाच नाही आणि डॅशबोर्डवरचे बारके बल्ब मात्र मिणमिणायला लागले, की ड्रायव्हरला वाटतं, अख्खं वायरिंग गेलं. हायवेकडेच्या टपरीतल्या वायरमनला त्याच खुणेतून नेमका पत्ता कळतो. "मागचं अर्थिंग गेलंय," एवढंच म्हणून तो पान्हा आणि पॉलिश पेपर घेतो आणि गाडीखाली सरकतो. बल्ब बदलत नाही, स्विच उघडत नाही.

त्याला हे कसं कळलं, ते समजून घेतलं की या कारागिरीचा अर्धा गाभा हाती येतो. जुन्या गाडीत दिव्याला सहसा करंट नेणारी वायर असते, परत आणणारी नसते. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघालेला करंट फ्यूज, स्विच, वायर असं करत दिव्यापर्यंत जातो आणि परततो तो चासीच्या लोखंडातून. त्यालाच गॅरेजात 'बॉडी अर्थ' म्हणतात. मागच्या दिव्यात बहुधा एकाच काचेत दोन फिलामेंट असलेला बल्ब असतो. पार्किंगसाठी 5 वॉटचं फिलामेंट, ब्रेकसाठी 21 वॉटचं. दोघांचं अर्थिंग मात्र एकच, होल्डरच्या पत्र्यातून. तो पत्रा जिथे बोल्टने आवळलेला असतो तिथे गंज चढला की परतीची वाट बंद होते. मग ब्रेकचा करंट 21 वॉटच्या फिलामेंटमधून होल्डरपर्यंत येऊन अडतो, आणि बांध घातलेल्या ओढ्याचं पाणी शेजारच्या शेतातून वाट काढतं तसा 5 वॉटच्या फिलामेंटमध्ये उलट्या बाजूने शिरतो. तिथून पार्किंगच्या वायरीत आणि त्या वायरीवरच्या पुढच्या पार्किंगच्या, डॅशबोर्डच्या बल्बांतून त्यांच्या शाबूत अर्थिंगकडे. 24 व्होल्टच्या गाडीत 21 वॉटच्या फिलामेंटचा रोध पेटलेला असताना साधारण 27 ओहम असतो, 5 वॉटच्याचा 115. व्होल्टेजचा मोठा वाटा जास्त रोध असलेल्या बल्बांवर पडतो, म्हणून ब्रेकचा दिवा काळा राहतो आणि नको तिथे उजेड दिसतो. इंडिकेटर लावल्यावर मागचा पार्किंगचा दिवा त्याच्या तालावर लुकलुकतो, तेव्हाही बहुधा हेच झालेलं असतं.

खात्री करून घ्यायची रीत सोपी आहे. एक लांब वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडायची आणि दुसरं टोक दिव्याच्या खरवडलेल्या पत्र्याला टेकवायचं. दिवे जागच्या जागी पेटले की दोष सापडला. पुढचं काम हाताचं आहे. बोल्ट काढायचा, रंग आणि गंज घासून चकचकीत लोखंड उघडं करायचं, नवं थिंबल बसवायचं, आवळायचं आणि वरून ग्रीस लावायचं. हे काम ज्याने मन लावून केलं त्याच्या गाडीचा मागचा दिवा कित्येक पावसाळे टिकतो. घाईत जुन्याच बोल्टवर नुसती वायर गुंडाळली, तर तोच ट्रक पुढच्या पावसात परत दारात उभा.

या वायरमनचं शिक्षण पाहण्यासारखं आहे. आयटीआयमध्ये ऑटो इलेक्ट्रिकलचा अभ्यासक्रम आहे, पण रस्त्याकडेचे कितीतरी जण वस्तादाच्या हाताखाली, गाडीखाली झोपून शिकलेले. हातात टेस्ट लॅम्प असतो, म्हणजे होल्डरमधला एक बल्ब आणि त्याला दोन वायरी. शिकलेल्या माणसाला हे हत्यार गावठी वाटतं. मला तसं वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. वायरीच्या आतले तांब्याचे धागे कुजून जेमतेम टेकलेले उरले, तरी डिजिटल मीटर तिथे पूर्ण 24 व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही. 21 वॉटचा बल्ब लावला की खरा करंट वाहू लागतो आणि ती कुजलेली जागा लगेच उघडी पडते. बल्ब तांबूस, मंद पेटतो. मीटर वापरायचाच, तर दिवा चालू ठेवून वापरायचा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं पेटलेल्या दिव्याच्या पत्र्याला. तिथे एखाद्या व्होल्टच्या आसपास आकडा आला, तर परतीच्या वाटेत तेवढी घट आहे.

महाराष्ट्रात जुना ट्रक म्हटलं की डोळ्यांपुढे टाटा उभा राहतो. टाटांच्या टेल्कोने 1954 मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. करार 1969 मध्ये संपला, पण जर्मन वळण मागे राहिलं. चार पायांच्या रिलेवर आजही 30, 85, 86, 87 हे आकडे असतात, ते जर्मन मानकातले. 30 म्हणजे बॅटरीकडून थेट आलेला करंट. त्याच मानकात 31 म्हणजे अर्थ, 54 म्हणजे ब्रेकचा दिवा, 58 म्हणजे पार्किंग. दुसरीकडे मद्रासच्या अशोक मोटर्सचं ब्रिटनच्या लेलँडशी जुळून 1955 मध्ये अशोक लेलँड झालं. वायरींच्या रंगांत या दोन देशांच्या पद्धती चक्क एकमेकींविरुद्ध आहेत. जुन्या जर्मन पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे अर्थ, जुन्या ब्रिटिश पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे बॅटरीचा थेट करंट. दोन्हींचा वारसा असलेल्या देशात तपकिरी वायर दिसली म्हणून ती बेधडक चासीला जोडणाऱ्याच्या हाताला चटका बसायचाच. म्हणून जाणता वायरमन आधी टेस्ट लॅम्प लावतो, मग रंग बघतो.

तसेही वीसेक वर्षं चाललेल्या ट्रकमध्ये रंग कुठे शाबूत असतात? डॅशबोर्डपाशी लाल असलेली वायर बॅटरीच्या पेटीपाशी पिवळी होते आणि मागच्या ॲक्सलवर पांढरी. त्या-त्या वेळी, त्या-त्या गावात जी वायर हाताशी होती ती जोडली गेली. शिवाय आपल्याकडे पिढ्यानपिढ्या ट्रक विकला गेला तो नुसती चासी म्हणून. केबिन आणि हौदा बांधला बाहेरच्या कारागिरांनी, पुष्कळदा लाकडाचा. कंपनीचं वायरिंग संपतं तिथे सुतार-लोहाराच्या सोयीने ओढलेलं वायरिंग सुरू होतं. लाकडी फळीवर ठोकलेल्या दिव्याला तर बॉडी अर्थ मिळूच शकत नाही, त्याला अर्थची वेगळी वायर लागते. ती ओढली नसेल, तर दिवा बिजागरीच्या, साखळीच्या, हौद्याच्या कुठल्याशा पट्टीच्या आधाराने कसाबसा पेटतो आणि फाळका उघडला की विझतो.

हेडलाइट मंद असल्याची तक्रार सगळ्यांत जास्त वेळा चुकीच्या जागी दुरुस्त होते. 24 व्होल्टच्या ट्रकमध्ये 75 वॉटचे दोन बल्ब मिळून सहा अँपिअरच्या आसपास करंट घेतात. वाटेत एखाद्या कपलरमध्ये 'कार्बन' आला, म्हणजे पिना काळ्या-हिरव्या पडल्या आणि तिथे जेमतेम अर्धा ओहम रोध तयार झाला, तर बल्बपर्यंत पावणेतीन व्होल्ट कमी पोचतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटतो. एवढ्या घटीत जवळजवळ एक तृतीयांश उजेड जातो. आणि तो हरवलेला दाब त्या कपलरमध्ये उष्णता होऊन बसतो, पंधरा वॉटच्या आसपास, सतत, प्लास्टिकच्या पोटात. ड्रायव्हर उजेड कमी म्हणून 100 वॉटचे बल्ब घालतो, करंट वाढतो, कपलर वितळतो, डिपरचा स्विच जळतो. खरा उपाय आहे बॅटरीजवळून फ्यूजसह जाड वायर काढायची, मध्ये रिले बसवायचा आणि स्विचवर फक्त रिलेला जागं करण्याचं हलकं काम ठेवायचं.

दुसरं एक दुखणं दिव्यांचं वाटतं, पण असतं बॅटरीचं. 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीपुढे एक जोडून 24 व्होल्ट होतात. टेपरेकॉर्डर, देवापुढचा दिवा, मोबाइलचा चार्जर यांसाठी दोन बॅटऱ्यांच्या मधून 12 व्होल्ट काढण्याची सवय सर्रास आहे. त्यात एकच बॅटरी रोज थोडी जास्त रिती होते. अल्टरनेटर मात्र दोघींना मिळून भरतो, त्यामुळे एक उपाशी राहते आणि दुसरी उकळते. 24 वरून 12 करणारा कन्व्हर्टर हा त्यावरचा सरळ उपाय. सगळीकडचे बल्ब वरचेवर उडत असतील, तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर तपासावा. चार्जिंग 28 व्होल्टच्या आसपास हवं, 30 च्या वर गेलं की बल्ब टिकत नाहीत.

फ्यूजबद्दल मात्र थोडं कठोर बोलायला हवं. जुन्या गाड्यांत चिनीमातीचे फ्यूज असतात, पांढरा 8 अँपिअरचा, लाल 16 चा. फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून तो परत खोचायचा, हा प्रकार कित्येक चालकांना हुशारी वाटतो. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली कमजोर जागा. ती पक्की केली की पुढच्या वेळी वायरच फ्यूज होते आणि ती डिझेलच्या पाइपाशेजारून, ताडपत्रीखालून, चालकाच्या गादीमागून गेलेली असते. ट्रक जळून कोळसा होतो तो अशाच वायरीपासून.

चांगला वायरमन शॉर्ट शोधतो तो फ्यूज जाळून नव्हे. फ्यूजच्या जागी तो 21 वॉटचा बल्ब लावतो. वायर कुठे लोखंडाला टेकली असेल, तर बल्ब भक्क पेटतो, पण त्यातून अँपिअरभराहून जास्त करंट जाऊच शकत नाही, त्यामुळे काही जळत नाही. मग एकेक फाटा सोडवत जायचं. ज्या क्षणी बल्ब मंद होईल किंवा विझेल, त्या फाट्यात दोष. मग त्या वायरीवर हात फिरवत जायचं. चासीच्या आडव्या पट्टीतल्या भोकाचं रबर गळून पडलंय तिथे, सायलेन्सरजवळ, मागच्या ॲक्सलच्या वर, जिथे पाटे दबले की वायर चेपते. एका फुटक्या भोकाच्या धारेने सोललेली दोन इंच वायर शोधायला अर्धा दिवस जातो आणि दुरुस्तीला दहा मिनिटं. गिऱ्हाईक पैसे देताना दहा मिनिटांकडे बघतं. शोधण्याची मजुरी द्यायला आपण शिकलेलो नाही, आणि म्हणूनच वायरमनला नको ती वायर बदलून बिल वाढवावं लागतं.

दिवे कुठल्या मालाने बिघडतात, हेही त्याला पाठ असतं. मासळीच्या गाडीतून वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी चासीवर गळतं. मीठ वायरीच्या प्रत्येक जोडात शिरतं आणि तांब्याला हिरवं आणतं. ते हिरवं वायरीच्या आवरणाखालून हात-हातभर चढत जातं, म्हणून तिथे टोक खरवडून भागत नाही. चांगलं तांबं लागेपर्यंत वायर मागे कापावी लागते. जोड दाबून बसवून वर स्लीव्ह घालावी. नुसता पीळ आणि काळी टेप खाऱ्या पाण्यापुढे टिकत नाही.

उसाच्या गाड्यांची कथा वेगळी. गळीत संपलं की कितीतरी जुने ट्रक पावसाळाभर उभे राहतात. उंदीर वायरी कुरतडतात, होल्डर गंजतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखाने पेटायच्या आधी पश्चिम महाराष्ट्रातल्या वायरमनांपुढे रांग लागते. मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे, अशी केंद्रीय मोटार वाहन नियमांची अपेक्षा आहे. ताशी 60 किलोमीटरने येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला थांबलेल्या ट्रकमागे तेवढ्या अंतरात नऊ सेकंद मिळतात. दिवा नसेल तर त्याला मिळतं ते स्वतःच्या हेडलाइटच्या टप्प्याएवढं, आणि काळसर मोळ्यांवर तो उजेडही नीट परतत नाही.

वायरिंग निर्दोष असूनही ऊसगाडी अंधारात जाऊ शकते. हौद्याबाहेर हातभर लोंबणारे उसाचे वाढे मागचा दिवा झाकून टाकतात. तेव्हा दुरुस्ती संपली म्हणून वायरमनने पैसे घेऊन मोकळं होऊ नये. त्याने दिवे फाळक्यावरून काढून चासीच्या शेवटच्या आडव्या पट्टीखाली, वाढ्यांच्या टप्प्याबाहेर बसवावेत. वायर पाइपातून न्यावी, अर्थची वेगळी वायर थेट चासीपर्यंत ओढावी. मग ड्रायव्हरला केबिनमध्ये बसवून हेडलाइट, पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर, सगळं एकदम चालू करायला सांगावं, कारण एकेकटे नीट पेटणारे दिवे एकत्र लावल्यावरच अर्धवट अर्थिंग उघडं पडतं. आणि ही तपासणी माल उतरवलेल्या नव्हे, भरलेल्या गाडीवर करावी.