गाडी गेली कुठं?

नवेगावबांधच्या पाळीवर मी आणि नातू बसलो होतो. कोलू पाटील कोहळींनी बांधलेला हा तलाव, समोर डोंगर. पण नातवाचं डोकं मोबाइलात. कुठलासा माणूस गाडीसकट बेपत्ता झाल्याची बातमी होती.

"आबा, याला कुणीतरी मारलंच असणार."

"रस्त्याकडेला तलाव होता का, ते पाहिलंस?"

"तलावात पडली असती तर दिसली नसती का?"

मग मी त्याला ओक्लाहोमातल्या फॉस तलावाची गोष्ट सांगितली. 1969 मध्ये त्या भागातून तिघं जण मोटारीसकट नाहीसे झाले. 1970 मध्ये दुसऱ्या गाडीतून आणखी तीन पोरं. कुणी म्हणे पळून गेले, कुणी म्हणे खून झाला. (पानठेले तिकडेही असावेत, नाव वेगळं असेल.) चाळीसेक वर्षं त्याच तलावात लोक गळ टाकत होते. 2013 मध्ये पोलीस नावेतून गेले, तेही कुणाला शोधायला नाही, पाण्याखालचं शोधणारं 'सोनार' नावाचं नवं यंत्र तपासायला. सुमारे 12 फूट पाण्यात दोन्ही गाड्या शेजारी शेजारी!

"फक्त 12 फूट?"

"पावसाळ्यात बोडीत हात घाल. कोपरापर्यंत गेला की बोटं दिसतात का? गढूळ पाण्यात उजेड लवकर दमतो. आवाज नाही दमत. हवेत तो सेकंदाला 340 मीटर धावतो, पाण्यात 1500. वटवाघूळ अंधारात आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकतं ना, सोनार तेच पाण्यात करतं."

"पण मग दार उघडून बाहेर का नाही आले?"

इथंच माणसं फसतात. गाडी पडल्या पडल्या बुडत नाही. थोडा वेळ तरंगते, मग इंजिनाच्या वजनानं नाक खाली घालते. मीटरभर रुंद दारावर बाहेरून मीटरभर पाणी चढलं, की त्याचा रेटा 500 किलोच्या ओझ्याएवढा. आखाड्यातल्या पहिलवानालाही ते दार ढकलवत नाही. आत पाणी भरलं की दोन्हीकडचा रेटा सारखा होतो, पण तोवर माणसाचा दम टिकायला हवा. बंद दार पाहून 'कुणीतरी कोंडलं' म्हणतात. कोंडणारं पाणीच असतं.

आणि बुडालेली गाडी लांब वाहून जातेच असंही नाही. महाडला 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्री नदीवरचा पूल कोसळून एसटी बस पुरात पडल्या, तेव्हा काही मृतदेह वाहत पार समुद्राकडे गेले. त्यातली एक एवढी मोठी एसटी मात्र पुलापासून फार लांब नव्हती, तरी नौदलाच्या पाणबुड्यांना ती सापडायला आठवड्याहून जास्त लागला.

"म्हणजे घातपात नसतोच?"

"असतो की! पण गिअर कुठं होता, चावी कुठं, दिव्याचा खटका चालू की बंद, हे गाडीच सांगते. आधी गाडी तर काढा."

फॉसच्या त्या सहा जणांच्या बाबतीत घातपाताचा पुरावा निघाला नाही.

"आणि बाबू, कधी गाडी पाण्यात गेलीच, तर दाराशी झटत बसू नको. पट्टा सोड, काच खाली कर, बाहेर पड. पहिल्या मिनिटातच."