लाट चालते, भिंत नाही

मेसमध्ये वरण-भात खाताना घास घशापर्यंत नेणं एवढंच आपलं काम. पुढचं आपल्या हातात नसतं. अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब असते. तिच्या भिंतीतले स्नायू घासाच्या मागे आवळतात, पुढे सैल पडतात आणि हा आवळलेला भाग सेकंदाला तीन-चार सेंटीमीटर वेगाने खाली सरकतो. यालाच पेरिस्टाल्सिस म्हणतात. म्हणून तर कॉटवर आडवं पडून खाल्लेला वडापावसुद्धा पोटातच जातो (आई कितीही ओरडो). आतड्यांत हेच चालतं. डायलिसिस मशीनच्या पंपातही हेच: रोलर नळीला बाहेरून दाबत फिरतो आणि रक्त पुढे जातं.

मिनी प्रोजेक्टसाठी मी हा विषय घेतला तो सोपा वाटला म्हणून. दोन भिंती, मध्ये मधासारखा घट्ट द्रव, भिंतींवर साइनची लाट. कॉम्प्युटरवर काढायला कितीसा वेळ लागणार? पण भिंत हलली की आतली मेशही हलवावी लागते. लाट जिथे जास्त आत येते तिथे मेशचे त्रिकोण चेपून उलटे होतात आणि सॉफ्टवेअर लाल अक्षरांत हात वर करतं. तीन रात्री लॅबमध्ये हेच पाहिलं.

मग सीनियरने युक्ती सांगितली. लाटेबरोबर तू पण चाल, म्हणजे लाट तुला स्थिर दिसेल. भिंतीचा आकार बदलतच नाही, मग मेश हलवायची गरजच उरत नाही. केलं, आणि पहिल्याच झटक्यात उत्तर आलं. रंगीत व्हिडिओ तर इतका सुंदर झाला की रूममेटने मोबाइलवर घेतला! सगळा द्रव लाटेच्या वेगाने पुढे चालला तर प्रवाह १ धरायचा, असं मोजमाप मी ठेवलं होतं. माझं उत्तर बरोबर १ आलं. मला वाटलं, वा, काय पंप आहे!

प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी सरांनी एकच प्रश्न विचारला, "लाटेची उंची शून्य केली तर?" मी म्हटलं, "सर, मग काहीच वाहणार नाही." "चालवून बघ." बघितलं. भिंती सरळ, कुठेही दाब नाही, आणि उत्तर तरीही १. न दाबता चालणारा पंप! त्या क्षणी हातपाय गार पडले.

चूक कुठे होती ते मला लोकलमध्ये कळलं. पावसाळ्यात मळवली-कामशेतच्या बाजूने जाताना बघा, भाताच्या खाचरांवर वाऱ्याची लाट पळत असते. रोप मात्र जागचं हलत नाही, नुसतं वाकतं आणि उभं राहतं. आता समजा लोकल नुकतीच सुटली आहे आणि तिचा वेग नेमका त्या लाटेएवढा आहे. खिडकीतून लाट थांबलेली दिसेल आणि रोपं मागे पळताना दिसतील. अन्ननलिकेची भिंत म्हणजे ते रोप. ती फक्त आत-बाहेर होते, घासाबरोबर पोटात उतरत नाही. मी लाटेबरोबर चालत होते, म्हणजे माझ्या मॉडेलमध्ये भिंत लाटेच्याच वेगाने मागे पळायला हवी होती. मी तिचा वेग शून्य दिला होता. म्हणजे रोपं उपटून लोकलमध्ये बसवली होती! भिंतच पुढे सरकत द्रवाला ओढत होती, सरकत्या पट्ट्यासारखी.

एक वजा चिन्ह आणि एक वेग, एवढं दुरुस्त केलं. १९६९ मध्ये शॅपिरो, जॅफ्रिन आणि वाइनबर्ग यांनी लांब लाट आणि संथ प्रवाह धरून हे गणित कागदावर सोडवलेलं आहे. दोन्ही टोकांना दाब सारखा असेल, तर दोन सपाट भिंतींमधला सरासरी प्रवाह येतो ३फ² भागिले (२ + फ²). इथे फ म्हणजे सरासरी अर्ध्या रुंदीच्या किती पट भिंत आत येते. फ शून्य, तर प्रवाह शून्य. फ अर्धा, तर ०.३३. म्हणजे माझा सुंदर व्हिडिओ तिप्पट खोटं बोलत होता. मजा अशी की फ पाव असताना प्रवाह जेमतेम ०.०९ असतो. दाब दुप्पट केला की प्रवाह जवळजवळ पावणेचारपट. लाट दिसते तेव्हा काहीतरी वाहतंय असं डोळ्यांना वाटतंच, पण किती वाहतं ते आवळण्यावर ठरतं. याच पेपरमध्ये आणखी एक गोष्ट आहे: पुढून उलटा दाब आला, तर भिंतीजवळचा द्रव सरासरीने मागे सरकू शकतो, मधला पुढे जात असला तरी. व्हिडिओ नुसता बघून हे कोणाच्याही लक्षात येणार नाही.

नुसतं बघून फसण्याचं दुसरं उदाहरण आपल्या लोणावळ्यातच आहे. नौली करणाऱ्याच्या पोटावर स्नायूंची लाट डावीकडून उजवीकडे फिरते. बस्ती क्रियेत माणूस पाण्यात बसून नौली करतो आणि पाणी नळीतून मोठ्या आतड्यात वर चढतं. माझ्यासारखीला विचारलं असतं तर मी लगेच म्हटलं असतं, पेरिस्टाल्सिस, फक्त उलटा! स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये इथे कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक. त्यांनी अंदाज न करता मोठ्या आतड्यातला दाब मॅनोमीटरने मोजला. नौलीत तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी निघाला, म्हणजे पाणी आत ओढलं जातं ते त्या पोकळीमुळे. आपल्या गुरूंच्या नावावरून त्यांनी तिला माधवदास व्हॅक्यूम म्हटलं. कॉम्प्युटर नाही, मेश नाही, फक्त नळी आणि पारा.

माझ्या मॉडेलमध्ये असं मोजलेलं काहीच नाही हे प्रेझेंटेशनमध्ये मी आधीच सांगून टाकलं. लाटेचा आकार मी ठरवला, द्रव मी ठरवला. खरे स्नायू घासाचा आकार बघून आवळतात, माझ्या भिंतीला आत काय आहे याचा पत्ताच नसतो. शून्याची टेस्ट मात्र पहिल्या स्लाइडवर ठेवली. नवा व्हिडिओ तितका छान दिसत नाही, द्रव पुढे-मागे रेंगाळत जातो. रूममेटच्या मोबाइलमध्ये अजून जुनाच आहे.